पेनिसिलिनची ॲलर्जी आणि ‘मिसिसिपीचा चिखल’

प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू हे केवळ अतिवापराचे फळ, हा समज अपुरा आहे. कारण पेनिसिलिन निकामी करणारे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, ऑक्सफर्डच्या अब्राहम आणि चेन यांनी औषध बाजारात येण्यापूर्वीच, १९४० मध्ये, जीवाणूंत नोंदवले होते. अशा जंतूंवर उपाय म्हणून, बोर्निओच्या मातीतील सूक्ष्मजीवापासून मिळालेले व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक १९५८ मध्ये अमेरिकेत मान्यता पावले, तेव्हा अशुद्धींमुळे आलेल्या तपकिरी रंगावरून त्याला ‘मिसिसिपीचा चिखल’ म्हणत, आणि पेनिसिलिनच्याच कुळातील मेथिसिलिन आल्यावर ते मागेही पडले. मात्र १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये मेथिसिलिनलाही न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जीवाणूची नोंद झाली. पुढे अतिदक्षता विभागात, जिथे श्वासनलिकेतील नळी आणि शिरेतील कॅथेटर जंतूंना वाट मोकळी करून देतात, व्हँकोमायसिन पुन्हा हाताशी आले. केसपेपरवर ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ असा शेरा असलेल्यांनाही, जरी तो पुष्कळदा बालपणीच्या पुरळावरून, चाचणीविनाच पडलेला असे, तेच दिले जाई. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यालाही प्रतिकार करणारे एन्टेरोकॉकस, म्हणजे आतड्यात राहणारे जीवाणू, युरोपात आढळले. आणि त्यामागे पशुखाद्यातील ॲव्होपार्सिन या भावंड औषधाचाही हात असावा, हा संशय बळावल्याने युरोपीय संघाने १९९७ मध्ये त्यावर बंदी घातली.