‘फ्यूअर’चा नियम आला कुठून?

इंग्रजीच्या तासाला फळ्यावर आधी ‘मच’ आणि ‘मेनी’ची जोडी येते, मग ‘लिटल’ आणि ‘फ्यू’ची, आणि त्यांच्या मागोमाग ‘लेस’ आणि ‘फ्यूअर’ची. मोजता येतं त्याला एक शब्द, मोजता येत नाही त्याला दुसरा. मराठी मुलाला तिन्ही जोड्या सारख्याच परक्या वाटतात, कारण आपलं ‘कमी’ पाण्यालाही चालतं आणि माणसांनाही. पण या तिन्हींचं कूळ एक नाही. पहिल्या दोन इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडात मुरलेल्या आहेत. आज ‘मच बुक्स’ असं तिथला शाळेची पायरी न चढलेला माणूसही म्हणणार नाही. (यातला ‘मच’ तर आपल्या ‘महा’चा दूरचा भाऊबंद.) तिसऱ्या जोडीतला कडक भेद मात्र छापील पुस्तकातून आला, आणि तो मांडणाऱ्याचं नावही आपल्याला ठाऊक आहे.

त्याचं नाव रॉबर्ट बेकर. 1770 साली लंडनमध्ये त्याचं ‘रिफ्लेक्शन्स ऑन द इंग्लिश लँग्वेज’ हे पुस्तक निघालं. फ्रेंचमध्ये व्होजलानं शंभरएक वर्षांपूर्वी बोलण्या-लिहिण्यातल्या चुका टिपल्या होत्या. तसंच काही इंग्रजीसाठी करावं, हा बेकरचा हेतू. तो पंडित नव्हता. पंधराव्या वर्षी शाळा सुटली, ग्रीक येत नाही, जॉन्सनच्या शब्दकोशाची मोठी आवृत्ती आत्ताआत्तापर्यंत पाहिलीही नव्हती, हे त्यानं स्वतःच मोकळेपणानं लिहून ठेवलं. ‘लेस’बद्दल तो म्हणतो ते इतकंच: लोक संख्येसाठी बहुतेक हाच शब्द वापरतात, पण मला वाटतं तिथे ‘फ्यूअर’ अधिक बरा, ‘शंभराहून कमी नाही’ असं म्हणताना तो जास्त डौलदार दिसतो आणि जास्त काटेकोरही ठरतो. या भेदाचा आजवर सापडलेला सर्वांत जुना उल्लेख तो हाच. त्यातलं ‘मला वाटतं’ फार मोलाचं आहे. तो आपली आवड सांगत होता, आणि लोक सर्रास वेगळं बोलतात हेही त्याच वाक्यात कबूल करत होता.

लोकांचं ते बोलणं अडाणीपणाचं नव्हतं. बोएथियसच्या लॅटिन ग्रंथाचं जे जुनं इंग्रजी भाषांतर राजा आल्फ्रेडच्या नावावर आहे, त्यात नवव्या शतकातच ‘लेस’ शब्दांच्या संख्येसाठी आलेला आहे. त्या काळच्या इंग्रजीत आपल्यासारखेच विभक्तीचे प्रत्यय होते. ‘लेस’च्या पुढचं नाम षष्ठीत, अनेकवचनात यायचं, म्हणजे रचना ‘शब्दांचं कमी’ अशी. पुढच्या काही शतकांत हे प्रत्यय झिजून गेले आणि ‘लेस’ थेट अनेकवचनी नामाला जाऊन भिडला. आज ज्याला चूक म्हणतात ती रचना अशी प्रत्यय गळाल्यानं तयार झाली आहे, आणि बेकरच्या पुस्तकाहून ती कितीतरी जुनी आहे.

मला यातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते ती ‘अधिक’ची. तिथेही एके काळी दोन शब्द होते: संख्येसाठी ‘मो’ आणि परिमाणासाठी ‘मोअर’. पुढे ‘मो’ प्रमाण भाषेतून नाहीसा झाला, ‘मोअर’नं दोन्ही कामं अंगावर घेतली आणि भाषेचं काही अडलं नाही. ‘मोअर वॉटर’ आणि ‘मोअर बुक्स’ दोन्ही आपण निर्धास्तपणे लिहितो. ‘कमी’च्या बाजूला मात्र दोन शब्दांतली भिंत बांधून पक्की केली गेली.

ती पक्की झाली बेकरनंतर. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये व्याकरणांची मागणी वाढत होती. वर चढू पाहणाऱ्या मध्यमवर्गाला ‘शुद्ध’ काय ते सांगणारी पुस्तकं हवी होती. लोथचं व्याकरण 1762 चं, लिंडली मरेचं 1795 चं. अशा वातावरणात आवडीनिवडीचे नियम व्हायला वेळ लागत नाही. पुढच्या पुस्तकांत बेकरचं ‘मला वाटतं’ गळून पडलं आणि उरली आज्ञा. तीही पूर्ण पाळता येत नाही. मैल, पौंड, वर्षं मोजता येतात, तरी ‘वीस मैलांहून कमी’ म्हणताना कडक व्याकरणवालेही ‘लेस’च लिहितात, कारण तिथे मनात एकेक मैल नसतो, सगळं अंतर एकत्र असतं.

म्हणून परीक्षेत मोजता येणाऱ्या नामापुढे ‘फ्यूअर’ लिहायला मुलांना जरूर शिकवावं. औपचारिक लेखनात तीच अपेक्षा असते आणि गुण तिथेच जातात. पण ‘मेनी’च्या जागी ‘मच’ लिहिणं आणि ‘फ्यूअर’च्या जागी ‘लेस’ लिहिणं या एकाच तोलाच्या चुका नाहीत, हेही त्यांना कळायला हवं. पहिलीत भाषाच मोडते. दुसरीत मोडतो तो एक संकेत, आणि त्यावर खुद्द इंग्लंडमध्ये अजून वाद होतात. टेस्को या ब्रिटिश दुकानसाखळीत झटपट हिशेबाच्या गल्ल्यावर ‘दहा किंवा कमी वस्तू’ अशी ‘लेस’वाली पाटी असे. त्यावर टीका होत राहिली, तेव्हा 2008 मध्ये सोप्या इंग्रजीचा आग्रह धरणाऱ्या एका संस्थेच्या सल्ल्यानं पाटी बदलायचं ठरलं. नव्या पाटीवर ‘लेस’ नव्हता आणि ‘फ्यूअर’ही नव्हता, ‘दहा वस्तूंपर्यंत’ असं लिहून दुकानानं वाट काढली.