पॅराग्लायडिंग की हँग ग्लायडिंग: जास्त सेफ काय?

नगरहून कामशेतला उडायला जाताय? मग हा वाद माहिती हवा. पॅराग्लायडरला सांगाडाच नसतो; कप्प्यांत शिरलेल्या हवेच्या दाबावर कापडी पंख फुगलेला राहतो. हवा खवळली की तो मिटू शकतो. उंचावर असाल तर बहुतेकदा परत उघडतो, जमिनीजवळ मात्र तेवढा वेळच नसतो. हँग ग्लायडरचं कापड अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांवर ताणलेलं, ते असं मिटत नाही. पण वेग जास्त, लँडिंग अवघड, आणि पायलट डोकं पुढे करून आडवा लटकलेला!

माझ्या मते पंखापेक्षा हवा महत्त्वाची. भर दुपारी थर्मल जोरात असतात, त्यामुळे टँडम सकाळी किंवा संध्याकाळी घ्या. रिझर्व्ह पॅराशूट आहे ना, विचारा. आणि फोनवरच्या हवामान अ‍ॅपमध्ये सरासरी वाऱ्यावर थांबू नका, ‘गस्ट’चा आकडाही बघा.