ख्रिस्ती करुणा म्हणजे काय?
लूककृत शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात एक परका माणूस जखमी वाटसरूच्या जखमा बांधतो, त्याला उतारशाळेत नेतो आणि पुढच्या खर्चाचीही सोय करतो. ख्रिस्ती करुणेचा अर्थ हाच: नुसती दया वाटून भागत नाही, माणूस उभा राहीपर्यंत सोबत लागते.

पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) पुणे जिल्ह्यात केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हेच केले. १८९६-९७च्या दुष्काळातील निराधार स्त्रिया-मुलींना त्यांनी आसरा दिला. शिवाय लिहिणे-वाचणे, विणकाम आणि छपाईही शिकवली.

रोजच्या जगण्यातही हीच कसोटी लावता येते. एकट्या राहणाऱ्या आजींना दवाखान्यात पोहोचवले, तर औषधे मिळाली का, जेवण झाले का, हे दुसऱ्या दिवशीही विचारावे.