रीझबर्ग, लोरेन : रानटी सूर्यफुलांतील संकरण व उत्क्रांती

वनस्पतींच्या उत्क्रांतीचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात आणि त्यानंतर कॅनडातील व्हँकूवरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक. उत्तर अमेरिकेतील रानटी सूर्यफुले (प्रजाती हेलिअँथस) हा त्यांच्या संशोधनाचा मुख्य विषय. दोन जातींच्या संकरातून, गुणसूत्रांची संख्या तीच राहूनही, तिसरी स्वतंत्र जाती तयार होऊ शकते, हे त्यांनी जनुकीय पुराव्याने आणि प्रत्यक्ष प्रयोगाने दाखवले.

सूर्यफूल कुल (अ‍ॅस्टरेसी) हे सपुष्प वनस्पतींच्या सर्वांत मोठ्या कुलांपैकी एक असून त्यात सुमारे २५ ते ३० हजार जाती आहेत. झेंडू, शेवंती, करडई, कारळा, पावसाळ्याच्या अखेरीस सह्याद्रीची पठारे पिवळी करणारी सोनकी आणि शेतकऱ्याच्या डोक्याला ताप झालेले गाजरगवत ही सगळी याच कुलातली. यांत ज्याला आपण ‘फूल’ म्हणतो तो शेकडो बारीक पुष्पकांचा दाट फुलोरा (स्तबक) असतो. रानटी सूर्यफुलाला सहसा स्वतःच्या परागकणांनी बी धरत नाही. परागण मधमाश्यांवर अवलंबून असते आणि मधमाशी जातिभेद पाळत नाही. दोन जाती शेजारी फुलल्या की परागांची सरमिसळ होते. त्यामुळे संकरणाच्या अभ्यासाला हे कुल फार सोयीचे.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वनस्पतिशास्त्रज्ञांना संकरातून नवी जाती होण्याचा एक मार्ग नीट ठाऊक झाला होता. संकर झाल्यावर गुणसूत्रांची संख्या दुप्पट झाली, तर प्रत्येक गुणसूत्राला जोडीदार मिळतो, वंध्यत्व जाते आणि नवी वनस्पती दोन्ही जनकांपासून एका झटक्यात वेगळी पडते. याच कुलातील ट्रॅगोपोगॉन प्रजातीत अशा दोन नव्या जाती वॉशिंग्टन व आयडाहो राज्यांच्या सीमाभागात सापडल्या आणि मॅरियन ओन्बी यांनी १९५० मध्ये त्यांचे वर्णन केले. गुणसूत्रे दुप्पट न होता मात्र हे घडू शकते का, यावर एकमत नव्हते. वनस्पतिशास्त्रज्ञ व्हर्न ग्रँट यांनी तसा सैद्धांतिक आराखडा मांडला होता. निसर्गातले निर्विवाद उदाहरण हाताशी नव्हते. अडचण उघड होती. संकर अर्धवट वंध्य असतो, आणि जे काही बी धरते तेही शेजारच्या जनक-जातींशी पुन्हा संकर होऊन त्यांच्यातच विरून जाते.

रीझबर्ग यांच्या कामाची सुरुवात मात्र संकराचा एक प्रसिद्ध दाखला खोडून काढण्यापासून झाली. सूर्यफुलांचे जाणकार चार्ल्स हायझर यांनी १९४९ मध्ये असे मांडले होते, की कॅलिफोर्नियाच्या सखल भागात तणासारखे वाढणारे हे. (हेलिअँथस) बोलँडेरी हे माणसाबरोबर तिथे आलेल्या हे. अ‍ॅन्युअसची जनुके स्थानिक सूर्यफुलात शिरून तयार झाले. दिसण्यावरून हे पटण्यासारखे होते. रीझबर्ग व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये हरितलवकातील डीएनए व इतर खुणा तपासल्या, तेव्हा बोलँडेरी ही जुनी, स्वतंत्र जाती असल्याचे दिसले. पुढे २०१६ मध्ये त्यांच्याच गटाने जास्त बारकाईने पाहिले तेव्हा गंमत झाली. जाती जुनी होती हे खरे ठरले, पण अ‍ॅन्युअसची जनुके तिच्यात शिरत आहेत हा हायझर यांचा अंदाजही अगदीच चुकीचा नव्हता.

ज्या तीन जातींमुळे रीझबर्ग यांचे नाव झाले, त्यांच्या मुळाशी दोन सामान्य सूर्यफुले आहेत. हे. अ‍ॅन्युअस, म्हणजे लागवडीच्या सूर्यफुलाचा रानटी पूर्वज, भारी चिकणमातीत वाढतो, हे. पेटिओलॅरिस कोरड्या रेताड जमिनीत. दोघांचीही गुणसूत्रे ३४. अमेरिकेच्या मध्य व पश्चिम भागात जिथे या जमिनी एकमेकींना भिडतात तिथे दोघांचे संकर आजही आढळतात. नव्या जाती मात्र दोघांनाही न मानवणाऱ्या जागी आहेत. हे. अ‍ॅनोमॅलस युटा व अ‍ॅरिझोनातील वाळूच्या टेकड्यांवर, हे. डेझर्टिकोला वाळवंटी सपाटीवर, आणि हे. पॅराडॉक्सस न्यू मेक्सिको व पश्चिम टेक्सासमधील खारट पाणथळ जागी. या तिघांचीही गुणसूत्रे ३४च. १९९० च्या सुमारास रीझबर्ग यांनी हरितलवकातील डीएनए आणि रायबोसोमच्या जनुकांवरून दाखवले, की तिघांतही दोन्ही जनकांच्या खुणा एकत्र नांदत आहेत.

जातींमधली भिंत कशाची आहे, हे १९९५ च्या गुणसूत्र-नकाशांतून कळले. अ‍ॅन्युअस व पेटिओलॅरिस यांच्या १७ गुणसूत्रांपैकी सातांवरील जनुकांचा क्रम सारखा होता. उरलेल्या दहांत तुकडे उलटे बसलेले किंवा एका गुणसूत्रावरून दुसऱ्यावर गेलेले होते. परागकण तयार होताना अशा गुणसूत्रांच्या जोड्या नीट जुळत नाहीत आणि बहुतेक परागकण निकामी निघतात. अ‍ॅनोमॅलसमध्ये या तुकड्यांची मांडणी आणखी बदललेली होती. म्हणजे ज्या गोंधळामुळे संकर वंध्य होतो, त्याच गोंधळातून नवी मांडणी स्थिर झाली की ती जाती जनकांपासून तुटते.

पण हे सगळे घडून गेलेल्या गोष्टीवरचे अनुमान. रीझबर्ग यांनी तीच गोष्ट पुन्हा घडवून पाहिली. हरितगृहात अ‍ॅन्युअस आणि पेटिओलॅरिस यांचा संकर करून त्यांनी तीन वंशावळी वाढवल्या. तिन्हींत आपसात संकर आणि अ‍ॅन्युअसशी पुन्हा संकर हे दोन्ही टप्पे होते, फक्त त्यांचा क्रम वेगळा ठेवला होता. पहिल्या पिढीत शंभरातले दहा परागकणसुद्धा धड नव्हते. पाचव्या पिढीत ९०च्या वर धड होते. त्यानंतर कोणत्या गुणसूत्राचा कोणता भाग कोणत्या जनकाकडून आला हे तपासले गेले. तीन स्वतंत्र वंशावळी एकमेकींसारख्या झाल्या होत्या, आणि तिन्हींचे साम्य वाळूत हजारो पिढ्या काढलेल्या खऱ्या अ‍ॅनोमॅलसशी होते. पेटिओलॅरिसची काही जनुके दर वेळी टिकली, काही दर वेळी बाहेर फेकली गेली.

१९९६ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेला हा निकाल वाचताना एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. हरितगृहात ना वाळू होती, ना दुष्काळ. तरीही साम्य आले, म्हणजे जनुकसंचाची ढोबळ मांडणी ठरवणारा पहिला चाळणीकार परिसर नव्हता. कोणती जनुके एकमेकांशी जमवून घेतात आणि फलक्षम वनस्पती देतात, यावरच बरेचसे ठरले. इतिहास योगायोगांवर चालतो असे मानणाऱ्या उत्क्रांतिशास्त्रज्ञांना हे पचवणे सोपे नव्हते. प्रस्तुत लेखकाच्या मते रीझबर्ग यांच्या कामात सर्वांत टिकाऊ हाच प्रयोग.

परिसराचा वाटा नंतरच्या कामातून पुढे आला. संकर म्हणजे दोन्ही जनकांच्या मधला, हा समज मोडावा लागतो. समजा पानात पाणी साठवण्यावर पाच जनुकांचा परिणाम होतो. एका जनकाकडे त्यांतली तीन साठा वाढवणारी व दोन घटवणारी आहेत. दुसऱ्याकडे नेमकी उलट जागी दोन वाढवणारी व तीन घटवणारी. दोन्ही जनक साधारण सारखे दिसतील, पण नातवंडांत एखाद्याच्या वाट्याला पाचही वाढवणारी जनुके येऊ शकतात. रीझबर्ग व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये १७१ प्रकाशित अभ्यास चाळले, तेव्हा त्यांतील १५५ अभ्यासांत जनकांच्या पलीकडे जाणारे निदान एक लक्षण आढळले. २००३ मध्ये त्यांनी कृत्रिम संकरांत तिन्ही जातींची टोकाची लक्षणे पुन्हा मिळवून दाखवली. असे संकर त्या त्या जातीच्या मूळ जागी, खारट पाणथळीतही, लावून पाहिले गेले. पॅराडॉक्सससारखी मांसल पाने आणि क्षार आवरण्याची ताकद देणारी जनुके जनकांत आधीच विखुरलेली होती. ती एकत्र येण्याचाच अवकाश होता.

जनुकसंचातील जनकांच्या तुकड्यांच्या लांबीवरून १९९८ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार अ‍ॅनोमॅलसचा जनुकसंच स्थिर व्हायला १० ते ६० पिढ्या पुरल्या असाव्यात. वर्षायू वनस्पतीत एक पिढी म्हणजे एक वर्ष. या चित्रात पुढे दुरुस्त्या झाल्या आहेत. संपूर्ण जनुकसंच वाचता येऊ लागल्यावर रीझबर्ग यांच्याच गटाने तिन्ही जाती नव्याने तपासल्या आणि त्यांची वंशावळ दोन जनक व एक अपत्य अशा सरळ आकृतीपेक्षा बरीच गुंतागुंतीची असल्याचे मांडले.

मॅकआर्थर शिष्यवृत्ती (२००३), रॉयल सोसायटीचे सदस्यत्व (२०१०) आणि लिनीअन सोसायटीचे डार्विन-वॉलेस पदक (२०१२) हे त्यांना मिळालेले प्रमुख सन्मान. ‘मॉलेक्युलर इकॉलॉजी’ या नियतकालिकाचे त्यांनी दीर्घकाळ संपादन केले आहे.

सूर्यफुलाचा जनुकसंच सुमारे ३६० कोटी अक्षरांचा, म्हणजे माणसापेक्षा मोठा आहे. त्याचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग स्वतःच्या प्रती पसरवत गेलेल्या डीएनएने भरला आहे. हा संच २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय गटाने प्रसिद्ध केला. २०२० मध्ये रीझबर्ग यांच्या गटाला तीन रानटी जातींच्या दीड हजारांहून अधिक रोपांच्या तपासणीत ३७ मोठे जनुकखंड सापडले, जे पिढ्यान्‌पिढ्या न फुटता एकगठ्ठा पुढे जातात. त्यांतील अनेक खंड गुणसूत्राचा तुकडा उलटा बसल्याने तयार झाले आहेत. वाळूच्या टेकडीवर मोठे बी लागते, कारण लहान बियांचे रोप वाळूतून वर येत नाही. तिथे मातीतल्या शेजाऱ्यांचे परागकण सतत येत असूनही पेटिओलॅरिसची वालुकावासी झाडे आपले मोठे बी राखून आहेत ती अशा खंडांच्या बळावर. याच गटाच्या आणखी एका शोधात पाकळ्यांवरील, माणसाला न दिसणारी पण मधमाशीला दिसणारी अतिनील नक्षी एका जनुकाशी जोडली गेली. त्या नक्षीची रसायने पाकळीतून पाणी उडून जाण्यालाही आळा घालतात.

या संशोधनाचा शेतीशी संबंध आडून आलेला नाही. फ्रान्समधील लेक्लेर्क यांनी १९६९ मध्ये पेटिओलॅरिस व लागवडीचे सूर्यफूल यांच्या संकरातून परागकण न देणारी झाडे मिळवली. अशा नरवंध्य झाडांमुळे प्रत्येक स्तबकातले पुंकेसर हाताने काढण्याची गरज उरली नाही आणि संकरित बियाणे व्यापारी प्रमाणात काढता येऊ लागले. भारतातले पहिले संकरित सूर्यफूल बीएसएच-१ हे बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने १९८० मध्ये दिले. लातूर, धाराशिव, सोलापूर भागात पेरल्या गेलेल्या बहुतेक संकरित वाणांच्या, नरवंध्यत्व देणाऱ्या पेशीद्रवाचा उगम त्या अमेरिकी रेताड माळावरच्या पेटिओलॅरिसमध्येच आहे. संकरजन्य पॅराडॉक्ससही मागे राहिले नाही. अमेरिकेत १९९९ पासून कायद्याने संरक्षण मिळालेल्या या दुर्मीळ जातीची क्षार सोसण्याची क्षमता तिथल्या कृषी खात्याने लागवडीच्या सूर्यफुलात उतरवली असून, तसे पैदास-वाण २००३ पासून प्रजननकारांना उपलब्ध आहेत.