मिनिकॉय : दीपगृहाच्या पायथ्याशी
लक्षद्वीपातील सर्वांत दक्षिणेकडील मिनिकॉय बेटाचा इतिहास सांगताना आपण बहुधा १८८५ च्या दीपगृहापाशी थांबतो. परंतु ते दीपगृह वाटेने जाणाऱ्या जहाजांसाठी होते. बेटाचे जीवन त्याच्या पायथ्याशी निराळ्या लयीने चालले. प्रवाळाच्या वाळूत भात पिकत नाही. तांदूळ बाहेरूनच येतो. तेव्हा गळाने कुपा मासा धरावा आणि तो उकडून, धुरी देऊन, उन्हात वाळवून त्याचे ‘मास’ करावे, हीच येथील शेती. पुरुष खलाशी होऊन दूरदेशी राहिले. घर आणि वंश मातृपरंपरेने चालला. महल भाषा बोलणाऱ्या या समाजाला १९५६ मध्ये केंद्रशासित प्रदेशाची चौकट लाभली. मात्र घर राखणाऱ्या स्त्रियांच्या दिनक्रमाची नोंद होत नाही, तोवर या बेटाचा इतिहास अपुराच म्हणावा लागेल.