पेन्शनीत जाणं

आमच्या आजोबांच्या पिढीत माणूस रिटायर होत नसे, तो ‘पेन्शनीत जाई’. जणू पेन्शन नावाचं एखादं गाव आहे आणि साठीच्या आसपास वळकटी बांधून तिकडे राहायला जायचं! आता हा शब्दप्रयोग कुणाच्या तोंडी नाही. परवा भाच्याने एक प्रश्न विचारला आणि तेव्हापासून हे गाव वसलं कधी आणि उठलं कधी, हे डोक्यात घोळतंय. म्हणून हे थोडं लांबलचक. (नाशिकच्या मंडळींनी चहा घेऊन बसावं.)

भाचा एका कंत्राटदाराकडे नोकरीला आहे. इथे खांदा कॉलनीत आला की खिडकीतून विमानतळाकडे बघत बसतो. २०२५ च्या डिसेंबरपासून विमानं सुरू झाली आणि आमच्या भागातल्या किती पोरांना तिकडे कामं लागली. बहुतेक सगळी कंत्राटावर. तो म्हणाला, “मामा, माझा पीएफ कापतात ना, मग तुमच्यासारखी पेन्शन मलाही येईलच की!”

मी बँकेतून निवृत्त झालो, मला पेन्शन आहे. त्यामुळे उत्तर देताना जरा जड गेलं.

मराठी मुलखातली सगळ्यात गाजलेली पेन्शन म्हणजे दुसऱ्या बाजीरावाची. १८१८ साली राज्य गेलं आणि कंपनीने वर्षाला आठ लाख रुपये लावून दिले. १८५१ साली बाजीराव वारले तेव्हा दत्तकपुत्र नानासाहेबांना ती द्यायला कंपनीने नकार दिला. पुढचं १८५७ तुम्हाला ठाऊकच आहे. पेन्शन ही देणाऱ्याची मेहेरबानी, मनात आलं तर बंद, हीच तेव्हाची समजूत. इंग्रजांनी १८७१ साली पेन्शनीचा कायदा केला त्यातही हीच समजूत होती, आणि स्वातंत्र्यानंतरही ती बराच काळ टिकली.

ती मोडली १९८२ साली. संरक्षण मंत्रालयातले एक निवृत्त अधिकारी, डी. एस. नाकरा, सुप्रीम कोर्टात गेले होते. सरकारने पेन्शनचं सूत्र सुधारलं, पण ३१ मार्च १९७९ किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच ते लागू केलं. नाकरा १९७२ चे. एका तारखेच्या अलीकडचे आणि पलीकडचे म्हातारे वेगळे कसे, एवढाच त्यांचा सवाल. १७ डिसेंबर १९८२ ला निकाल लागला. सरन्यायाधीश होते आपले यशवंतराव चंद्रचूड. कोर्टाने स्वच्छ सांगितलं की पेन्शन ही भीक नाही, मेहेरबानी नाही, केलेल्या कामाचा तो हक्क आहे. पेन्शनर मंडळी आजही १७ डिसेंबरला पेन्शनर्स डे पाळतात, तो याच निकालाचा दिवस.

आता गंमत पहा (गंमत कसली म्हणा). त्याच वर्षी, १८ जानेवारी १९८२ ला, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता. सुमारे अडीच लाख माणसं. दिल्लीत पेन्शन हा हक्क ठरत होता तेव्हा लालबाग-परळमध्ये संपाला अकरा महिने झाले होते आणि लोक गावाकडे भात लावून परत आले होते. कोर्टाने दिलेला हक्क त्यांचा नव्हताच. तो सरकारी नोकरांचा. गिरणी कामगाराला १९५२ च्या कायद्याचा प्रॉव्हिडंट फंड होता, १९७२ च्या कायद्याची ग्रॅच्युइटी होती, आणि १९७१ ची ‘फॅमिली पेन्शन’ होती. ती कामगार नोकरीत असताना मेला तर त्याच्या बायकोला! जिवंतपणी म्हातारा होणाऱ्याला महिन्याचं काही द्यावं, ही कल्पना त्या योजनेत नव्हतीच.

संपाची गोष्ट इथे आमच्या पनवेल तालुक्यापर्यंत येऊन पोचते. कोन गावात एमएमआरडीएने बांधलेली १६० चौरस फुटांची दोन-दोन घरं जोडून ती गिरणी कामगारांना द्यायचं ठरलं, किंमत सहा लाख. सोडत निघाली डिसेंबर २०१६ मध्ये, संपानंतर चौतीस वर्षांनी. किल्ल्या हातात यायला त्यानंतरही वर्षं गेली. ज्यांच्यासाठी घर, त्यातले कितीतरी तोवर फोटोत गेले होते.

खाजगी नोकरदाराला खरी पेन्शन मिळाली ती १६ नोव्हेंबर १९९५ पासून, ईपीएस-९५ म्हणून. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के या फंडात जातात. सूत्र सोपं: पेन्शनला धरला जाणारा पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. मेख त्या ‘धरला जाणाऱ्या’ पगारात आहे. सुरुवातीला त्याची मर्यादा होती ५,००० रुपये, २००१ मध्ये ६,५००, सप्टेंबर २०१४ मध्ये १५,०००. आता करा हिशोब. १५,००० पगार, ३५ वर्षं, भागिले ७०. साडेसात हजार. आणि त्यावर महागाई भत्ता नाही! निवृत्तीच्या दिवशी जो आकडा ठरला तोच पुढे कायम. २०१४ साली सरकारने किमान पेन्शन हजार रुपये केली तेव्हा लोकांनी पेढे वाटले, यावरून आधी काय मिळत असेल ते समजा. आमच्या बिल्डिंगमधल्या खालच्या मजल्यावरच्या काकांना इतकी वर्षं कारखान्यात घालवून दोन हजारांच्या आत मिळतात. लाइट बिल आणि सिलिंडर, संपलं.

भाच्याची कथा अजून वेगळी. १ सप्टेंबर २०१४ नंतर जो पहिल्यांदाच पीएफमध्ये आला आणि ज्याचा बेसिक अधिक डीए १५,००० च्या वर आहे, त्याला ईपीएसमध्ये घेतच नाहीत. त्याचा सगळा पैसा पीएफमध्ये जातो. भाचा यातच बसतो. म्हणजे पीएफ कापतात, पण पेन्शन नाही. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि त्याचे जे मित्र मर्यादेच्या आत आहेत, त्यांना पेन्शनसाठी दहा वर्षं भरावी लागतात. कंत्राटदार बदलला की ही पोरं फॉर्म भरून पैसे काढून घेतात, मोबाइल येतो नाहीतर बहिणीचं लग्न होतं, आणि वर्षांची मोजणी पुन्हा शून्यावर.

पीएफवर माझ्या नोकरीच्या काळात, १९८९ ते २०००, बारा टक्के व्याज होतं. पैसे सहा वर्षांत दुप्पट. २०२३-२४ ला ते ८.२५ टक्के होतं, म्हणजे दुप्पट व्हायला जवळजवळ नऊ वर्षं. सोसायटीतले आजोबा “आम्ही नाही का केली बचत?” असं पोरांना सुनावतात तेव्हा हा फरक ते विसरतात.

मग सरकारी नोकरी? तिथे पुन्हा तारीख आली. केंद्रात १ जानेवारी २००४, आमच्या बँकांत १ एप्रिल २०१०, आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५. या दिवशी किंवा नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, पगाराचे दहा टक्के कापायचे, सरकार भर घालणार आणि बाजार देईल ते. कायद्याने हे नाकरा खटल्यासारखं नाही, कारण नवीन माणूस नवीन अटींवर लागतो. पण शाळेच्या एकाच स्टाफरूममध्ये ऑक्टोबरात लागलेले सर आणि डिसेंबरात लागलेल्या बाई शेजारी बसतात, त्यांना कायद्याचा हा बारकावा काय समजावणार? मार्च २०२३ मध्ये “एकच मिशन, जुनी पेन्शन” म्हणत राज्याचे कर्मचारी १४ ते २० तारखेपर्यंत संपावर गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने ‘युनिफाइड’ पेन्शन जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. पंचवीस वर्षं नोकरी झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी बेसिकच्या निम्मं. मला हे बरं पाऊल वाटतं. संपाशिवाय ते पडलं नसतं असंही वाटतं.

पण हे सगळं कायम नोकरीवाल्यांचं. भाच्याच्या बाजूला जमेला काय? २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्या, त्यात ठराविक मुदतीवर घेतलेल्याला वर्षभरातच ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. चांगलं आहे. मात्र ती एकदाच मिळणारी रक्कम, महिन्याच्या महिन्याला येणारी नव्हे.

आमच्या पिढीचं म्हातारपण नुसत्या पेन्शनवर चाललेलं नाही हेही सांगायला हवं. सिडकोचं घर स्वस्तात मिळालं होतं, त्याचे हप्ते निवृत्तीआधीच फिटले. इथल्या मूळ खांदेकरांकडे, ज्यांच्या जमिनी सिडकोने घेतल्या, साडेबारा टक्क्यांचे प्लॉट आले. ते दि. बा. पाटलांच्या लढ्यातून आणि १९८४ साली जासईला पडलेल्या माणसांमुळे. त्या प्लॉटवरच्या खोल्यांचं भाडं हीच कितीतरी घरांची पेन्शन. भाचा त्यातल्याच एका खोलीत भाड्याने राहतो.

तर मी त्याला काय सांगितलं? सांगितलं की बाबा, तुला पेन्शन येणार नाही. खातं एकच ठेव, कंत्राटदार बदलला तरी ते पुढे चालव, काढू नकोस. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “आणि भाडं वाढलं तर?”

त्यावर माझ्याकडे काही नव्हतं. बहिणीने पोहे आणले म्हणून विषय थांबला.