बाणाग्रे, दगडी

बाणाच्या टोकाशी बसविण्यासाठी दगडाचे वा काचेचे छिलके काढून घडविलेली अणकुचीदार अथवा धारदार अग्रे. धनुष्य, दोरी व बाणाची काठी कुजून नाहीशी होतात. मागे उरतो तो केवळ दगड. त्यामुळे धातुपूर्व काळातील धनुष्यबाणाचा इतिहास मुख्यत्वे ही अग्रे आणि ती घडविताना निघालेले टाकाऊ छिलके यांवरून जुळवावा लागतो.

यासाठी बारीक पोताचा व एकजिनसी दगड लागतो. अशा दगडावर कडेला आघात केल्यास त्याचे शंखाभ भंजन होऊन धारदार छिलका सुटतो. काचेचाही हाच गुणधर्म आहे. ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली प्रदेशातील आदिवासींनी युरोपीय संपर्कानंतर बाटल्यांच्या काचेची भाल्याची अग्रे घडविली, तर कॅलिफोर्नियातील याही जमातीचा इशी (मृत्यू १९१६) हा काचेची बाणाग्रे तयार करीत असे.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून बनलेल्या बेसाल्टाने व्यापला आहे. परभणी जिल्ह्यातील चुडावा (ता. पूर्णा) व सभोवतालचे पूर्णा–गोदावरी खोरे याच प्रदेशात येते. बेसाल्टाच्या हातकुऱ्हाडी घडविता येतात. परंतु नाजूक पाती काढण्यास तो फारसा उपयोगी नाही. मात्र त्यातील वायूच्या पोकळ्यांत सिलिका साचून कॅल्सेडोनी, अकीक, जॅस्पर इ. खनिजे तयार झाली. खडक झिजल्यावर ती सुटी होऊन नदीपात्रांत गोट्यांच्या रूपाने आढळतात. पैठणजवळील मुंगी येथे गोदावरीच्या निक्षेपात ए. बी. विन यांना मिळालेल्या अकिकाच्या छिलक्याचे वर्णन टॉमस ओल्डॅम यांनी १८६८ मध्ये प्रसिद्ध केले. भारतीय प्रागितिहासातील आरंभीच्या नोंदींपैकी ही एक होय.

या लहान गोट्यांपासून पानाच्या आकाराचे मोठे अग्र काढणे अवघड. दख्खनमध्ये म्हणून सूक्ष्मास्त्रांचे तंत्र विशेष उपयुक्त ठरले. गाभ्यापासून समांतर कडांची अरुंद पाती काढीत; त्यांचे तुकडे करून एक कड सूक्ष्म छिलके काढून बोथट करीत व त्यांना चंद्रकोरी, त्रिकोणी अथवा समलंब चौकोनी आकार देत. बोथट कड काठीच्या खाचेत डिंकाने वा राळेने चिकटविता येई व धार बाहेर राही. एक तुकडा टोकाशी आणि इतर बाजूंना बसविले की जोड बाण तयार होई. धार मोडल्यास तेवढाच तुकडा बदलता येई. अर्थात प्रत्येक सूक्ष्मास्त्र बाणाचेच असे नाही. विळे व सुऱ्या यांसाठीही ती वापरीत. पाटणे (जि. जळगाव) येथील एस. ए. साळी यांच्या उत्खननात उत्तर पुराणाश्मयुगापासून पुढील दगडी हत्यारांचा क्रम मिळाला.

तांबे आल्यानंतरही हे तंत्र टिकले. जोर्वे, नेवासे, चांदोली व इनामगाव येथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतींत तांब्याच्या वस्तूंबरोबर कॅल्सेडोनीची पाती आढळतात. गाभ्यावर आधी नागमोडी कणा तयार करून त्याच्या आधारे पहिले पाते काढण्याच्या पद्धतीचे विवेचन बी. सुब्बाराव यांनी १९५५ मध्ये महेश्वर येथील हत्यारांच्या आधारे केले. तांबे दुर्मिळ होते, तर गोटे नदीत सहज मिळत. लोखंडाचा प्रसार झाल्यावरच दगडी पाती मागे पडली. विदर्भातील नैकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टी सापडली आहे.

अग्रापेक्षा त्याचे स्थान अधिक बोलके असते. गाभा, छिलके व अर्धवट राहिलेली पाती एकत्र मिळाल्यास तेथे कारागीर बसत असावा, असे अनुमान करता येते. थरावरून काळ कळतो. वाळूउपसा, मुरूमाचे खोदकाम व खोल नांगरट यांमुळे थर विस्कटतात आणि वेचून घरी नेलेला सुंदर तुकडा इतिहासाच्या दृष्टीने निव्वळ गारगोटी उरतो. म्हणून अशा स्थळी वस्तू न हलविता तिच्या जागेची नोंद करणे व पुरातत्त्व विभागास कळविणे अगत्याचे ठरते.